चाकाला साखळी घालायची तर आधी खालची जमीन बघा

दर डिसेंबर-जानेवारीत एक फोटो ठरलेला असतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची जेटी, तिच्या फळ्यांवर साय धरावी तसे पांढरे हिमकण, आणि कुणीतरी हौशी माणूस ते बोटानं खरवडतोय. त्याच सुमाराला मनालीकडचे व्हिडिओ फिरू लागतात. उतारावर गाडी आडवी होऊन सावकाश घसरत चाललीय, ड्रायव्हर दार उघडून बाहेर उडी मारतोय. हे दोन्ही एकाच आठवड्यात बघितलेला माणूस मग माझ्या दुकानात येतो. सातारा-कोरेगाव रस्त्याला माझं टायरचं दुकान आहे. हातात मोबाइल, त्यावर चकचकीत साखळ्यांचा फोटो, बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरभोवती गुंडाळतात त्या. ‘ह्या ऑनलाइन मिळत्यात. आमच्या छोट्या ट्रॅक्टरला घालू का?’

यंदा विचारणारे दोघे निघाले. एक महाबळेश्वरकडचा स्ट्रॉबेरीवाला. दुसरा माझा सख्खा भाचा. तो कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात सफरचंदाच्या बागेवर कामाला आहे आणि हिवाळ्यात छोट्या ट्रॅक्टरनं आवारातला बर्फ काढतो. पॅकहाउससमोर, म्हणजे फळं खोक्यांत भरतात त्या इमारतीसमोर, त्यांचा सिमेंटचा उतार आहे, तो गोठला की काचेसारखा होतो. ‘मामा, साखळी घ्यायचीय, पण टिकणारी. गेल्या वर्षीची एका सीझनमध्ये संपली,’ असं त्याचं म्हणणं.

प्रश्न एकच होता, पण उत्तरं अगदी उलटी. ती उलटी का, हे सांगण्यासाठीच हा लेख. मदतीला आमचे शेजारी आहेत. फौजेत ट्रक चालवायचे, निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण गावात सगळे त्यांना मेजरच म्हणतात. लडाखच्या बाजूला त्यांनी कितीतरी वेळा ट्रकला साखळ्या चढवल्या आणि उतरवल्या. फौजेत त्याला ‘नॉन-स्किड चेन’ म्हणतात. त्यांच्या गोठ्यात अजून तसल्या साखळीचा एक तुकडा खुंटीला लटकतोय, आता त्याला रेडकू बांधतात.

बर्फावर चाक का फिरतं आणि गाडी का हलत नाही

पाटा-वरवंटा आठवा. नवा पाटा खरखरीत असतो, त्यावर चटणी झटक्यात वाटली जाते. वर्ष-दोन वर्षांत पाटा गुळगुळीत होतो, मग वरवंटा नुसता सरकतो आणि मिरची तशीच राहते. पूर्वी गल्लीतून हाक यायची, ‘पाट्याला टाकी लावाऽऽ’. ती बाई छिन्नीनं पाट्यावर बारीक खड्डे पाडायची आणि पाटा पुन्हा कामाचा व्हायचा.

डांबरी रस्ता म्हणजे टाकी लावलेला पाटा. खडीच्या बारीक उंचवट्यांमध्ये टायरचं रबर दाबून बसतं आणि तिथं अडतं. या अडण्यालाच पकड म्हणायचं. बर्फ म्हणजे गुळगुळीत पाटा, त्यात वरून ओला. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. तापमान शून्याच्या जवळ असेल तेव्हा हा थर जास्त, म्हणून बर्फ सगळ्यात निसरडा तेव्हाच. उणे वीसला तोच बर्फ त्यामानानं बरा धरतो. थंडी जास्त तर घसरणंही जास्त, असं आपल्याला वाटतं. भाच्यालाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. पण तो पडला मार्चमध्ये, वितळता बर्फ रात्री पुन्हा गोठला होता तेव्हा.

दुसरी गोष्ट रबराची. थंडीत रबर कडक होतं. कडक रबर खडीच्याच खाचांत नीट बसत नाही, तर बर्फावर काय बसणार?

एकदाच थोडी आकडेमोड

पकड मोजायला घर्षणांक नावाचा आकडा वापरतात. चाकावर जेवढा भार आहे त्याचा कितवा भाग ओढण्याच्या किंवा थांबवण्याच्या कामी येतो, ते हा आकडा सांगतो. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७ ते ०.८, बर्फावर ०.१ च्या आसपास.

आता एक छोटा ट्रॅक्टर घ्या. वजन १००० किलो, त्यातलं ६०० किलो मागच्या चाकांवर. डांबरावर ०.७ धरलं तर मागची चाकं ४२० किलोचा जोर लावू शकतात. बर्फावर ६० किलोचा.

उतार १० टक्क्यांचा आहे, म्हणजे १० मीटर पुढं गेलं की १ मीटर चढ. अशा उतारावर १००० किलोचा ट्रॅक्टर खाली खेचला जातो साधारण १०० किलोच्या जोरानं. चाकांची ताकद ६०, खेचणारा जोर १००. ट्रॅक्टर चढणार नाही, हे तर आलंच. पण खरी भीती पुढची आहे. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांवर असतात. म्हणजे ब्रेक गच्च दाबून उभा केलेला ट्रॅक्टरही उतारावरून खाली येईल, चाक न फिरता. इंजिन किती हॉर्सपॉवरचं, याला इथं काहीच अर्थ नाही.

पण ट्रॅक्टरच्या टायरला एवढी मोठी नक्षी असते की!

हा आक्षेप दुकानात हमखास येतो. नक्षीचे ते उंच पट्टे, त्यांना लग म्हणतात, मऊ जमिनीत रुतण्यासाठी असतात. ओल्या रानात लग मातीत घुसतो, मागच्या मातीला ढकलतो, ट्रॅक्टर पुढं जातो. बर्फात तो घुसतच नाही. मग होतं काय, की टायर फक्त लगच्या माथ्यांवर उभा राहतो. कडक रबराचे चार-पाच माथे आणि खाली काच. भुसभुशीत ताज्या बर्फात लग थोडंफार काम करतात. दाबून टणक झालेल्या किंवा पाणी गोठून झालेल्या बर्फावर नाही.

इथं साखळी येते. साखळी रबराची पकड वाढवत नाही. ती बर्फाला टाकी लावते. पोलादी कडीच्या कडेवर ट्रॅक्टरचा भार येतो, कडी बर्फात किंचित रुतते आणि तिथं अडते. पोलाद बर्फापेक्षा कडक आहे म्हणून हे जमतं. हे एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं त्यातून निघतं.

शिडी की शिंकं

साखळ्या मुख्यतः दोन घडणीच्या. पहिली शिडीसारखी. टायरच्या दोन्ही अंगांना एकेक लांब साखळी आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. शिडी वाकवून टायरभोवती गुंडाळली अशी कल्पना करा. ही स्वस्त असते, दुरुस्त करायला सोपी आणि पुढं-मागं ओढायला चांगली.

छोट्या ट्रॅक्टरला मात्र तिचा एक घोटाळा आहे. शेतीच्या टायरला, ज्याला कंपन्या आर-१ म्हणतात, लगमध्ये रुंद मोकळ्या जागा असतात. आडव्या साखळ्या लांब-लांब असतील तर त्या नेमक्या त्या खाचांत पडतात. मग जमिनीला टेकतो पुन्हा लगच, साखळी खाचेत आराम करते. पैसे गेले ते गेले. म्हणून शिडीच घ्यायची तर पायऱ्या जवळ-जवळ असलेली घ्यावी. बाजूच्या साखळीच्या दर चार कड्यांना एक पायरी असते तशी नको, दर दोन कड्यांना एक हवी. बांधकामाच्या यंत्रांना असतो तसा जाड, जवळ-जवळ लगांचा टायर असेल, म्हणजे आर-४, तर ही अडचण कमी होते. तो टायर नुसता बर्फावर घातला तर अगदीच वाईट, पण साखळी त्याच्यावर छान बसते.

दुसरी घडण जाळीची. पूर्वी आढ्याला दह्याचं मडकं शिंक्यात टांगायचे ना, ते शिंकं मडक्याला जसं चौफेर धरतं तशी ही साखळी टायरला धरते. चौकटी तिरक्या असतात, त्यामुळं चाक कितीही फिरलं तरी कुठलीतरी कडी जमिनीला टेकलेली असतेच. थडथड कमी. आणि मोठा फायदा म्हणजे आडवं घसरणं थांबतं. शिडीची पायरी पुढं-मागं अडवते, पण बाजूला सरकताना तीच पायरी बर्फावरून घसरगुंडीसारखी जाते. तिरकी कडी दोन्हीकडून अडवते. भाच्याचा उतार एका अंगाला कललेला आहे, खाली नाला. त्याला मी दुसरं काही सुचवलंच नाही, जाळीचीच घे म्हटलं, महाग असली तरी.

टिकाऊपणा कशात असतो

भाच्यानं व्हिडिओवर जुनी साखळी दाखवली. कडी कॅमेऱ्याजवळ धरली. एका बाजूनं ती मूळची गोल, दुसऱ्या बाजूनं घासून सपाट, चकचकीत. मधोमध इतकी बारीक झालेली की दोन कड्या तुटूनही गेल्या होत्या. तो म्हणाला, ‘मामा, लोखंडच हलकं.’

आधी लोखंडाचं बोलू. ऊसतोडीचा कोयता लोहाराकडं नेला की तो तापवून पाण्यात बुडवतो, धारेला पाणी देतो. पाणी कमी बसलं तर धार वळते, जास्त बसलं तर तुकडा उडतो. साखळीच्या कडीचंही तसंच. सगळीच कडी कडक केली तर थंडीत ठोका बसल्यावर तडकेल, सगळीच मऊ ठेवली तर आठवड्यात झिजेल. म्हणून चांगल्या साखळीची कडी वरून कडक आणि आतून चिवट केलेली असते. वरचा कडक थर जाडीला थोडाच. तो आहे तोवर झीज अगदी सावकाश होते. तो गेला की आतलं मऊ पोलाद भराभर जातं. साखळी दोन महिने जशीच्या तशी दिसते आणि पंधरा दिवसांत अचानक संपते, त्याचं कारण हेच.

खरेदी करताना कडीचा आकार बघायचा. साधी गोल सळईची पिळलेली कडी सगळ्यात स्वस्त. चौकोनी सळईच्या कडीला मुळातच कडा असतात, बर्फात त्या चांगल्या रुततात आणि जमिनीला टेकणारं पोलादही जास्त, म्हणून ती टिकतेही जास्त. तिसरा प्रकार म्हणजे कडीवर वेल्डिंग केलेले छोटे दांडे, त्याला व्ही-बार म्हणतात. निव्वळ बर्फावर यासारखी पकड दुसऱ्या कशाची नाही. पण सिमेंटच्या उतारावर ते अक्षरशः नांगर चालवतात. मालकाचा उतार खरवडला तर नोकरी मालकाच्याच हातात आहे, एवढं भाच्याला सांगितलं.

चकचकीत जस्ताचा मुलामा बघून भुलू नका. तो गंजापासून वाचवतो, झिजेपासून नाही. जमिनीला टेकणाऱ्या बाजूचा मुलामा पहिल्याच दिवशी जातो. त्यापेक्षा आडवी साखळी सुटी बदलता येते का, ते विचारा. बाजूच्या साखळ्या जमिनीला लागत नाहीत, त्या वर्षानुवर्षं चालतात. मरतात त्या मधल्या. त्या आकड्यानं, म्हणजे हुकनं, अडकवलेल्या असतील तर एकेक बदलता येते, नाहीतर सगळा संच टाकायचा. कडीची जाडी मूळच्या निम्म्यावर आली की ती बदलायची, तुटायची वाट बघायची नाही. तुटलेलं टोक चाकाबरोबर चाबकासारखं फिरतं आणि मडगार्ड, लाइटची वायर, जे मिळेल ते फोडत जातं.

हे सगळं सांगून झाल्यावर मेजर मध्येच बोलले. ‘त्याला विचार, शेडपासून उतार किती लांब?’

भाचा म्हणाला, दोनशे मीटर. उतार स्वतः तीस मीटरचा. मधले दोनशे मीटर मीठ टाकून कोरडे ठेवलेले, नुसतं उघडं सिमेंट. दिवसाला दहा खेपा.

मी दुकानातल्या पाटीवर खडूनं हिशेब मांडला. दोनशे मीटर जायचे, दोनशे यायचे, दहा वेळा: दिवसाला ४ किलोमीटर. साठ दिवसांत २४० किलोमीटर उघड्या सिमेंटवर. आणि खऱ्या बर्फावर? तीस जायचे, तीस यायचे, दहा वेळा: ६०० मीटर. साठ दिवसांत ३६ किलोमीटर. म्हणजे साखळीच्या आयुष्यातला बहुतेक काळ जिथं तिची गरजच नव्हती तिथं गेला, आणि तिथंच ती झिजली. कानशीवर सुरी चालवावी तसं उघडं सिमेंट पोलादाला खातं. लोखंड हलकं असेलही, पण मारेकरी ते नव्हतं.

मेजर सांगत होते, त्यांच्याकडं साखळी बर्फाच्या तोंडाशी चढवायची आणि बर्फ संपला की उतरवायची. बोटं बधिर, मध्यरात्र, वारा, तरी उतरवायचीच. त्याचं दुसरं कारण वेगळंच आहे. उघड्या कोरड्या रस्त्यावर साखळी लावलेलं चाक साध्या चाकापेक्षा वाईट थांबतं. रबर आणि डांबर यांच्यामध्ये पोलाद आलं. बर्फात रुतणारी कडी डांबरात रुतत नाही, ती त्यावरून सरकते. वेगही माफकच ठेवावा लागतो, ट्रॅक्टर असेल तर चालण्यापेक्षा थोडा जास्त, एवढाच.

मग ठरलं असं की हिवाळाभर ट्रॅक्टर शेडमध्ये न ठेवता उताराच्या पायथ्याशीच पत्र्याखाली उभा करायचा. मालकानं मान्य केलं. माझ्या मते कुठल्याही महागड्या पोलादापेक्षा या एका बदलानं साखळीचं आयुष्य जास्त वाढेल.

मापाची भानगड

टायरच्या अंगावर ८.३-२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. साखळी या आकड्यावरून मागवतात. पण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर बाहेरून बोटभराचा फरक निघतो. घासलेला टायर तर आणखी लहान. म्हणून आकड्यावर विसंबू नका, टायरचा बाहेरचा घेर आणि माथ्याची रुंदी टेप लावून मोजा.

मग जागा बघायची. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये, आणि आतल्या बाजूला टायर आणि अवजार जोडायच्या दांड्यांमध्ये. दोन बोटं गेली म्हणजे झालं, असं नाही. मूठ जायला हवी. चाक फिरताना साखळी बाहेर फेकली जाते, उभ्या चाकावर दिसते त्यापेक्षा जास्त जागा मागते. पुढच्या चाकांना लावत असाल तर स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा.

साखळी चढवल्यावर ताणायची, थोडं पुढं-मागं करायचं, पुन्हा ताणायची. उसाची ट्रॉली भरून निघाली की पहिल्या दोन किलोमीटरवर ड्रायव्हर उतरून दोर पुन्हा आवळतो, कारण ऊस दबून बसलेला असतो. तोच प्रकार. सैल साखळी टायरच्या अंगाला घासून रबर खाते.

पुढं लावायची की मागं

एकच जोडी घेणार असाल तर मागं. भार मागं, ब्रेक मागं. चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर उतार उतरताना फोर-व्हीलचा दांडा टाकूनच उतरावं. पुढची आणि मागची चाकं शाफ्टनं जोडली जातात, त्यामुळं मागच्या ब्रेकचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. ही गोष्ट पुष्कळ जुन्या चालकांनाही माहीत नसते. ते फोर-व्हील फक्त चढायला टाकतात.

एक चाक जागेवर फिरतंय आणि दुसरं गप्प उभं आहे, असं झालं तर डिफरन्शियल लॉक दाबायचा. वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. बर्फावर तिचा दुर्गुण असा की सगळा जोर घसरणाऱ्या चाकाकडंच निघून जातो. लॉक सरळ जातानाच दाबावा, वळणावर सोडावा.

टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवलं तर?

हा माझ्या धंद्याचा भाग. नांगरटीच्या आधी रोज एक-दोन ट्रॅक्टर येतात पाणी भरायला. जॅक लावून चाक उचलायचं, व्हॉल्व्ह बरोबर वर आणायचा, त्यातून पाणी सोडायचं, व्हॉल्व्हच्या पातळीला आलं की बंद. टायर साधारण पाऊण भरतो, वरच्या पावात हवा. रानात याचा फायदा लगेच कळतो, चाक फिरणं कमी होतं, डिझेल वाचतं.

कॅनडात नुसतं पाणी गोठेल, म्हणून तिकडं कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरतात. ते रिम गंजवतं. आता तिकडच्या बीटाच्या साखर कारखान्यांतून निघणारा मळीसारखा रसही भरतात, तो गोठत नाही आणि गंजही आणत नाही. हे ऐकून आमच्याकडचा एक ऊसवाला म्हणाला, ‘मंजी आपली मळी बी चालंल की!’ त्याला म्हटलं, आधी मुंग्यांची सोय बघ.

पण उतारावरच्या बर्फात वजनानं काय होतं? मघाचाच ट्रॅक्टर घ्या. मागच्या चाकांत २०० किलो भरलं. मागचा भार ८००, पकड ८० किलो. वीस किलोचा फायदा झाला. पण ट्रॅक्टर आता १२०० किलोचा, खाली खेचणारा जोर १२०. आधी कमतरता ४० ची होती, आताही ४० चीच. घाम गाळून तुम्ही जिथल्या तिथंच. सपाटीवर वजन उपयोगी आहे, पुढं लोडर, म्हणजे माती-बर्फ उचलायचं मोठं खोरं, लावल्यावर मागचा भाग उचलला जातो तेव्हाही आहे. या उतारावर नाही. उलट साखळीनं घर्षणांक ०.१ चा ०.२ जरी झाला तर ६०० किलोवर १२० ची पकड मिळते, आणि खेचणारा जोर १००. चढला.

मीठ आणि वाळू हे दुसरे उपाय. मिठानं बर्फ शून्याच्या खालीही वितळतो, पण थंडी उणे दहाच्या आसपास गेली की साधं मीठ मंदावतं. वाळू म्हणजे गरिबाची टाकी, कुठल्याही थंडीत चालते. फक्त मिठातून फिरलेली साखळी सीझन संपल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, तेल लावून टांगायची. नाहीतर पुढच्या वर्षी पोत्यातून गंजाचा गोळा निघतो.

मग आपल्याकडं घ्यायची का?

नाही. स्ट्रॉबेरीवाल्याला मी हेच सांगितलं आणि गिऱ्हाईक घालवलं.

वेण्णा तलावावर दिसतात ते हिमकण रस्त्यावरचा बर्फ नव्हे. निरभ्र रात्री वारा पडला की पान, गाडीचं टप, जेटीची फळी अशा पातळ वस्तू आपली ऊब आभाळाकडं सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. म्हणून हवा शून्याच्या वर तीन-चार अंश असतानाही पानावर दव गोठू शकतं. डांबर आणि जमीन मात्र दिवसभराची ऊब धरून असतात. ऊन वर आलं की हिमकण गायब. स्ट्रॉबेरीच्या पानाला चटका बसतो तो खरा प्रश्न, ट्रॅक्टर घसरण्याचा नाही.

‘मग चिखलासाठी तरी?’ असं त्यानं विचारलं. चिखलात रुतायला टायरचे लग आहेतच. कृष्णाकाठच्या काळ्या रानात साखळीच्या कड्यांत माती अशी भरते की थोड्या वेळात चाकाचा लाडू होतो. भातखाचरासाठी लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखं चाक असतं, ते त्या कामाला योग्य, आणि तेही बांधावरच उतरवून ठेवायचं, डांबरावर आणायचं नाही. टायरवाला म्हणून मी तर सांगेन, साखळीच्या पैशात घासलेले टायर बदला.

आपल्याकडं बर्फासारखा निसरडा रस्ता होतो तो एकाच कारणानं. गाळप चालू असताना रानातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर डांबरावर माती सांडत जातात, वाळून तिची पूड होते, आणि अवकाळीचा एक शिडकावा पडला की कराड-इस्लामपूर पट्ट्यातले रस्ते लोण्यासारखे होतात. मोटरसायकली तिथंच आडव्या होतात. त्यावर साखळी हा उपाय नाही. रानाच्या तोंडाशी मुरूम टाकणं आणि रस्त्यावर चढण्याआधी चाकाची माती खोऱ्यानं झाडणं, हे दोन्ही फुकटात होतं आणि दोन्ही कुणी करत नाही.

हिवाळ्यात गाडी घेऊन मनालीला किंवा काश्मीरला निघालेल्यांचं वेगळं. तिथं पोलीस बर्फाच्या टप्प्यात साखळी नसलेली साधी गाडी पुढं सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ती साखळी घरी अंगणात एकदा चढवून-उतरवून बघा. पहिला प्रयोग बर्फात, हातमोजे घालून, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत करू नका.

भाच्याची नवी साखळी परवा आली. चौकोनी कडीची, जाळीची, मागच्या चाकांना. चढवून त्यानं लगेच व्हिडिओ कॉल केला, एकदम खुशीत. मी आणि मेजर दोघं चहा घेत बघत होतो. ट्रॅक्टर उतारावर अर्ध्यात उभा, ब्रेक दाबलेला, हलत नव्हता. भाचा म्हणाला, ‘बघा मामा!’

मेजर चष्मा वर करून मोबाइलच्या जवळ गेले. ‘जरा चाकापाशी ने रं फोन.’ त्यानं नेला. ‘आणखी जवळ. ते आकड्याचं तोंड कुणीकडं आहे?’

आकड्यांची उघडी तोंडं टायरकडं होती. ती बाहेरच्या बाजूला ठेवायची असतात, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टायरच्या अंगात घुसत राहतात.

‘काढ,’ मेजर म्हणाले, आणि बशीत उरलेला चहा संपवला.